सत्तर पानांवर थांबलेली कादंबरी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही डोंबिवलीला राहता, फोर्टमध्ये विमा कंपनीत नोकरी करता. मुलगी दुसरीत आहे, घरी सासूबाई आहेत, यजमानांची नोकरी फिरतीची. आजोबा गिरणीत होते, म्हणून १९८२ च्या गिरणी संपातल्या लालबागच्या एका कुटुंबावर कादंबरी लिहायला घेतलीत. पहिली सत्तर पानं भराभर झाली आणि गोष्ट संप सुरू होण्यापर्यंत आली. त्याला आता दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून नवीन पान नाही, पहिलं प्रकरण मात्र सहा वेळा पुन्हा लिहून झालं. तुम्ही विचारता, उत्साह टिकवायचा कसा? आणि टिकत नसेल तर आपल्यात लेखक होण्याची जिद्द नाही असं समजून सोडून द्यावं का?

मी स्वतः नोकरी आणि घर सांभाळतच कादंबऱ्या लिहिल्या, आणि निवृत्तीनंतर नव्या लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं वाचते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ उत्साहाबद्दलची नाही. पहिलं प्रकरण सहा वेळा लिहिलं, ही आहे. जिद्द नसलेली व्यक्ती दीड वर्षात वही कपाटात टाकून मोकळी होते, तेच प्रकरण सहा वेळा लिहीत बसत नाही. तुमची अडचण मला वेगळी दिसते. तुमच्या दोन बैठकांमधलं अंतर फार वाढलंय.

कादंबरी लिहिताना बरंच काही एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. निवेदनाचा सूर काय होता, कुणाला काय ठाऊक आहे आणि कुणापासून काय लपवलंय, मागच्या प्रसंगात कोण रागावून जिना उतरून गेलं, बाहेर पावसाळा आहे की थंडी. एखादा लेख पंधरा दिवसांनी उघडला तर पाच मिनिटांत सगळा नजरेखालून जातो. कादंबरीचं तसं होत नाही. पंधरा दिवसांनी रविवारी वही उघडली की पहिला अर्धा-पाऊण तास नुसता आत शिरण्यात जातो. तुमच्याकडे असतो जेमतेम एक तास, त्यात दोनदा बेल वाजते. मग माणूस साहजिकच पहिल्या पानापासून वाचत येतो, खटकलेलं सुधारत जातो आणि वेळ संपतो. पहिलं प्रकरण सहा वेळा लिहिलं गेलं ते यामुळे. त्या सहाही वेळा तुम्ही कादंबरीकडे परत यायचा प्रयत्न करत होता आणि दारातच वेळ संपत होता.

उत्साहाबद्दल माझं निरीक्षण असं, की तो आधी येत नाही. सलग चार-पाच दिवस पात्रांशी थोडं थोडं बोलणं झालं की भाजी चिरताना एखादं वाक्य सुचतं, गाडीत एखादा प्रसंग दिसतो, आणि आपण म्हणतो, आज मूड आहे. पंधरा दिवस संबंधच आला नाही तर काही सुचत नाही. मग आपण म्हणतो, उत्साह गेला. म्हणून मी तुम्हाला रोज लिहा असं सांगत नाहीये. रोज भेटा, एवढंच सांगते. दहा मिनिटं चालतील.

यातलं काय कुणाला जमेल हे परिस्थितीवर आहे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तान्हं मूल असेल, स्वतःची तब्येत ठीक नसेल, तर दहा मिनिटंही निघत नाहीत. अशा काळात कादंबरी थांबली तर त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नये. तुमच्या पत्रावरून तुमची वेळ तशी वाटत नाही. दिवस भरलेला आहे, पण त्याला एक ठरावीक क्रम आहे. त्या क्रमात जागा शोधता येते.

तुमचा सगळ्यात मोठा ठरावीक वेळ म्हणजे लोकलचा. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन दोन-सव्वादोन तास. पण सकाळचा आणि संध्याकाळचा प्रवास सारखा नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. डोंबिवलीहून सुटणारी गाडी मिळाली नाही तर सकाळी उभं राहायलाही जागा नसते. तिथे लिहिण्याचा हट्ट धरलात तर चिडचिडच होईल. सकाळचा प्रवास फक्त एका प्रश्नासाठी ठेवा. घरून निघताना प्रश्न ठरवायचा: आजोबांना पगार थांबल्याचं आजीला कधी सांगावंसं वाटलं असेल? भायखळा येईपर्यंत त्याचं उत्तर सापडलं नाही तरी हरकत नाही, प्रश्न दिवसभर सोबत राहतो. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत चालता चालता जे सुचलं ते फोनमध्ये बोलून ठेवा. गूगलच्या कळफलकावर मराठीत बोललेलं आता बऱ्यापैकी उमटतं. डब्यात मात्र गोंगाटामुळे त्याचा उपयोग नाही.

संध्याकाळी गाडी सीएसएमटीहून सुटते, त्यामुळे एखादी सोडून दुसरी पकडली की बसायला मिळतं. ही बसलेली वेळ सोन्यासारखी आहे. दमलेलं असताना लिहिलेलं वाईटच असणार, अशी बहुतेकांची समजूत असते. माझ्या पाहण्यात तसं नाही. दमलेला माणूस शब्दांची सजावट करत नाही, सरळ लिहितो, आणि पहिल्या खर्ड्याला तेच हवं असतं. फोनवर लिहा, वहीत लिहा, अक्षर गचके खाऊन वेडंवाकडं आलं तरी चालेल. ठाण्यापर्यंत लिहायचं, मग बंद करून मैत्रिणींशी गप्पा मारायच्या. रोजचा ग्रुप असेल तर एकदा सांगून टाका की ठाण्यापर्यंत मी लिहिते. पहिला आठवडा त्या चौकशा करतील, मग तुमच्यासाठी कोपऱ्यातली जागा धरून ठेवतील.

थांबताना एक गोष्ट पाळा. दही लावताना आपण सगळं संपवत नाही, उद्याच्या विरजणापुरतं चमचाभर ठेवतो. लिहितानाही पुढचं वाक्य, पुढची हालचाल माहीत असताना थांबा आणि ती दोन शब्दांत टिपून ठेवा: "सखू दार उघडते, बाहेर दीर." दुसऱ्या दिवशी मागचं काही न वाचता तिथूनच सुरू करायचं. ज्यांना दिवसाला वीस-पंचवीस मिनिटंच मिळतात, त्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, कारण आत शिरण्यात जाणारी वेळच वाचते.

आता हिशेब. दोनशे पानांची छापील मराठी कादंबरी साधारण ५० ते ६० हजार शब्दांची असते. गाडीत बसून रोज २५० शब्द, म्हणजे वहीचं जेमतेम एक पान, आठवड्याचे पाच दिवस, असं धरलं तर आठवड्याला १,२५० शब्द होतात. वर्षाचे चाळीस आठवडे हाताशी लागले, तर ५० हजार. बाकीचे बारा आठवडे मी मुद्दामच वगळलेत. गणपती आहेत, दिवाळी आहे, मुलीची परीक्षा, तुमच्या ऑफिसचा मार्च, पाण्यात गाड्या बंद पडतात ते दिवस, घरातली आजारपणं. या आठवड्यांत लिखाण होणार नाही हे आधीच मान्य केलं, की ते झालं नाही म्हणून सगळं मोडलं असं वाटत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण वेळापत्रक करताना सणवार विसरतात आणि सप्टेंबरमध्ये हताश होतात. तुमची सत्तर पानं आधीच हातात आहेत, म्हणजे पहिला खर्डा वर्षभराच्या आत पुरा होऊ शकतो.

पण यासाठी पहिल्या प्रकरणाला हात लावणं बंद करावं लागेल. नक्की बंद. एक वेगळी पातळ वही करा, तिच्यात फक्त दुरुस्त्या लिहा: "पहिल्या प्रकरणात सखूचं वय वाढव", "खानावळीचा उल्लेख आधी यायला हवा". दुरुस्ती नोंदली की मनाला शांती मिळते आणि हात पुढे जातो. शिवाय पहिलं प्रकरण नीट लिहिताच येत नाही, जोवर शेवटचं माहीत नसतं. शेवट कळला की त्यातली अर्धी वाक्यं तशीही निघून जातात. आत्ता त्यांना पॉलिश करण्यात फार कष्ट फुकट जातात.

इथवर सगळं वेळेबद्दल बोलले. पण तुमच्या पत्रात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात. कादंबरी नेमकी संप सुरू होतो तिथे थांबली. हा योगायोग वाटत नाही मला.

दमल्यामुळे थांबलेलं लिखाण आणि गोष्टीतल्या अडचणीमुळे थांबलेलं लिखाण, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ओळखायची एक साधी रीत आहे. रात्री नीट झोप झालेली आहे, मुलगी मावशीकडे गेली आहे, दोन तास मोकळे आहेत, आणि तरीही पुढच्या प्रसंगाकडे मन वळत नाही, असं झालं तर अडचण गोष्टीत आहे. तेव्हा वेळापत्रक बदलून काही होत नाही.

तुमच्या गोष्टीत काय झालं असेल ते मी अंदाजाने सांगते. संपापर्यंत घराला एक लय होती: भोंगा, पाळी, खोलीतलं झोपायचं वेळापत्रक, खानावळ, महिन्याचा पगार, गावाला जाणारी मनीऑर्डर. लिहिणाऱ्याला ही लयच पुढे नेते. १८ जानेवारी १९८२ ला ती थांबली. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आता कादंबरीत रोज घडायला काय आहे? वाट पाहणं. आणि वाट पाहणं लिहायला फार अवघड असतं. त्यातून तुम्हाला, मला, प्रत्येक वाचकाला शेवट ठाऊक आहे. गिरण्या गेल्या, गिरणगाव गेलं, तिथे टॉवर उभे राहिले. हे ठाऊक असल्यामुळे लिहिताना प्रत्येक प्रसंगावर आधीच सुतकी सावली पडते आणि पात्रांना करायला काही उरत नाही.

पण त्या खोलीतल्या माणसांना शेवट ठाऊक नव्हता. जानेवारीत त्यांना वाटत होतं, महिना-दोन महिन्यांत मिटेल. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांच्यावर त्यांचा भरवसा होता. पुढे संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. म्हणजे अमुक दिवशी संपला असं म्हणायला कुणालाच तारीख मिळाली नाही, प्रत्येक घराला आपापली तारीख ठरवावी लागली. तुमची पुढची शंभर पानं मला तिथे दिसतात. या घराने ती तारीख कधी ठरवली, आणि कुणी ठरवली? गावाला कोण गेलं, कोण खोली धरून राहिलं? वाण्याने उधारी बंद केली तेव्हा त्याच्याशी बोलायला कोण गेलं? घरात पहिले पैसे कुणी आणले? अशा घरांमधून बायकांनी डबे केले, भाजी विकली, पापड लाटले. ज्या घरात चाळीस वर्षं पुरुषाच्या पगारावर सगळं चाललं, तिथे आजीच्या हातात पैसे आल्यावर आजोबा जेवायला कुठे बसले असतील, ताट कुणी वाढलं असेल? आणि धाकटा भाऊ, बदली कामगार असलेला, म्हणजे कायम कामगार आला नाही तरच ज्याला काम मिळायचं असा, एक दिवस पहाटे कुणाला न सांगता गेटच्या आत कामावर गेला तर? मी तुमची गोष्ट रचत नाहीये. तुमच्याकडे यांची खरी उत्तरं असतील किंवा तुम्ही वेगळीच शोधाल. पण यातला एखादा प्रश्न सकाळच्या गाडीत सोबत घेतलात तर संपाच्या दिवसांत घडण्यासारखं किती आहे ते दिसायला लागेल.

तुम्ही लिहिलंय की संपाबद्दल अजून वाचन पुरं झालं नाही, म्हणून पुढे जायला भीती वाटते. ते वाचन पुरं होणार नाही, कारण विषयच तेवढा मोठा आहे. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात महिन्यातला एखादा शनिवार जरूर बसा, पण लिहिताना मजकूर अडला की तिथे दोन फुल्या मारा आणि पुढे चला. "त्या महिन्यात तांदूळ ×× रुपये झाला" असं लिहून प्रसंग पुरा करायचा. खर्डा झाल्यावर फुल्या शोधून एकेक भरायच्या. तेव्हा कळतं की नेमकी कोणती माहिती हवी होती, आणि ती बहुधा वाटलं होतं त्याच्या चौथ्या हिश्शाएवढीच असते. याला एक अपवाद करा. तुमच्या आजोबांच्या पिढीतलं कुणी हयात असेल, त्यांच्या शेजारचं, गावाकडचं, तर त्यांच्याशी बोलणं मात्र पुढे ढकलू नका. जाताना तारखा विचारू नका. तेव्हा सकाळी उठून काय करायचात, हे विचारा.

आता घरचं. नोकरी करून कादंबरीकार होता येतं का, असं कुणी विचारलं की श्री. ना. पेंडशांचं नाव निघतं. मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरी करत ते कोकणावरच्या कादंबऱ्या लिहीत राहिले, आणि आज राज्य शासन पहिल्या कादंबरीला जो पुरस्कार देतं तो त्यांच्या नावाचा आहे. हे उदाहरण खरं आहे आणि मलाही त्याने बळ दिलं. पण त्या पिढीतले बहुतेक पुरुष लेखक ऑफिसातून आले की चहा हातात मिळायचा आणि त्यानंतरची संध्याकाळ त्यांची असायची. तुम्ही ऑफिसातून आलात की दुसरी पाळी सुरू होते. तेव्हा त्यांच्या पानांशी तुमची पानं ताडून पाहू नका.

घरच्यांकडून काय हवं ते मात्र स्पष्ट मागा. "मला लिहायला वेळ मिळत नाही" या वाक्यावर कुणाला काही करता येत नाही. "मंगळवारी आणि गुरुवारी जेवणानंतर साडेनऊ ते सव्वादहा मी आतल्या खोलीत असेन, ओटा आवरणं आणि छोटीला झोपवणं तुमच्याकडे" यावर करता येतं. यजमान फिरतीवर असतील त्या आठवड्यात एकच दिवस धरा. सासूबाईंना कादंबरीचा विषय सांगितलात का? त्या वयाच्या बाईला १९८२ ची मुंबई आठवत असणार. विचारून पाहा. बायकांचं लिहिणं घरात बऱ्याचदा छंदात जमा होतं, आणि छंदाचा वेळ कुणीही मागून घेतो. कामाला वेळ ठरलेली असते, म्हणून तुमच्या लिखाणालाही ठरवून घ्या.

घरात जागा नसेल तर फोर्टात तुमच्या ऑफिसपासून काळा घोडा लांब नाही. तिथल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाचं सदस्यत्व घेता आलं तर जेवणाच्या सुट्टीत आठवड्यातून एकदा तिथे बसा. शांत टेबल आणि आजूबाजूला वाचणारी माणसं, याचा परिणाम होतो.

खर्डा होईपर्यंत कुणाला दाखवू नका, असं मी सहसा सांगते. अर्ध्या कादंबरीवरचं कौतुकसुद्धा घातक असतं, कारण मग पुढचं त्या कौतुकाला जपत लिहिलं जातं. दाखवायचंच झालं तर एकाच व्यक्तीला दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: कुठे कंटाळा आला? काहीतरी पुरं करण्याचं समाधान लवकर हवं असेल तर कादंबरीत न मावणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याची स्वतंत्र कथा करा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून जून-जुलैपर्यंत पाठवून मोकळं व्हा. वर्षाला अशी एकच कथा मात्र, नाहीतर कादंबरी मागे पडते.

प्रकाशक मिळेल का, ही चिंता तुम्ही शेवटी लिहिलीत. आत्ता तिच्यात वेळ घालवू नका, पण अंधारातही राहू नका. नव्या लेखकाच्या मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती बहुधा ५०० ते १,००० प्रतींची असते, त्यावर घर चालत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना आहे. खर्डा पुरा झाल्यावर त्यांचं त्या वर्षीचं आवाहन आणि अटी बघा. पैसे मागून प्रकाशित करून देतो म्हणणाऱ्यांना हस्तलिखित देण्याआधी चारदा विचार करा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सोडून द्यावं का. सोडून देणं कधी कधी बरोबर असतं. गोष्ट आपली नव्हती, दुसऱ्या कुणासाठी लिहीत होतो, असं कळलं तर माणसाने ती खुशाल बाजूला ठेवावी आणि दुसरी घ्यावी. पण दीड वर्ष भेटच झाली नाही अशा कादंबरीबद्दल हे ठरवता येत नाही. आधी सहा आठवडे रोज दहा मिनिटं तिला द्या, पहिलं प्रकरण न उघडता, संपाच्या पहिल्या आठवड्यापासून पुढे. त्या सहा आठवड्यांतही आजी, आजोबा, धाकटा भाऊ यांच्यापैकी कुणी तुमच्याशी बोललं नाही, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा सोडण्याबद्दल बोलू. आणि हे सहा आठवडे मार्चमध्ये धरू नका. ऑफिसचं वर्षअखेरीचं काम आणि छोटीची परीक्षा उरकू दे, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करा.